डुलकीपूरनंतर बालाघाट

गुणाकर पिंपळापुरे यांनी चौतीस वर्षं सिंचन विभागात कालव्यांचे नकाशे काढले, आणि चौतीस वर्षांत एक रेघही चूक कबूल करून खोडली नाही. रेघ आणि जमीन जुळली नाही, तर ते म्हणायचे, जमीन पुन्हा मोजा. असा हा माणूस रिटायर झाल्यावर रोज सकाळी दहाला रचना मेश्रामच्या कम्प्युटरच्या दुकानात जायचा, ‘बालाघाट’ एवढा एकच शब्द टाइप करायचा, पडद्याकडे बघून समाधानाने मान हलवायचा आणि घरी परत यायचा.

घरी ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या प्रमोदिनीबाई सुपातून मान वर न करता विचारायच्या, “आज कितवे?”

“पहिले.”

“बरं,” म्हणून त्या पुढचा खडा वेचायच्या.

पहिला नंबर होता तो गुणाकरांच्या वेबसाइटचा. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात रचनाकडून शिकून शिकून त्यांनी ती स्वतः बनवली होती. वर गावाचं नाव, खाली माहिती. खैरलांजीला बस किती वाजता, बिरसाची शेवटची गाडी कोणती, राजेगावचा रस्ता चालू आहे की पुलावर पाणी आहे, कोणत्या वॉर्डात कोणत्या रक्तगटाचा माणूस राहतो. मराठी अक्षरं टाकली की दुसऱ्या कम्प्युटरवर नुसते चौकोन उमटत, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. जगात कोणीही बालाघाटचं नाव टाइप केलं की सर्च जी यादी दाखवायचं, तिच्यात अगदी वर हे पान असायचं. आणि पानाच्या तळाशी, ऑफिसातल्या फळ्यावरची नोटीस असते तशी एक ओळ होती: ‘सूचना. पिंपळापुरे कुटुंब सिंचन कॉलनी सोडून भटेरा रोड येथे राहावयास गेले आहे. पत्ता व फोन खालीलप्रमाणे.’

सगळी साइट त्या एका ओळीसाठी होती. बाकीच्या बसगाड्या तिला झाकायला आडव्या उभ्या केलेल्या.

झालं होतं असं. सत्त्याण्णव साली त्यांची एकुलती एक मुलगी मधुवंती, तिचं साक्षगंध ठरलं होतं. मुलगा गोंदियाचा, बँकेतला. दोन दिवस राहिले असताना मधू म्हणाली, मले हे नको, मले हैदराबादले कम्प्युटर शिकायले जायचं आहे. गुणाकरांनी आवाज चढवला नाही. पंखा बंद करावा तितक्या सहज ते म्हणाले, “जा. पण या घराचा पत्ता विसरून जाजो.” ती गेली. पुढे नशिबाने अशी थट्टा केली की तो पत्ता त्यांनाच सोडावा लागला. रिटायरमेंट आली, सरकारी क्वार्टर सुटलं, भटेरा रोडला लहानसं घर झालं, फोनचा नंबरही नवा आला.

दोन हजार एकमध्ये ते जुन्या कॉलनीत एका लग्नाला गेले, तेव्हा त्यांच्या क्वार्टरमध्ये आलेला नवा साहेब पत्रावळीवर भात कालवता कालवता म्हणाला, “पिंपळापुरेजी, आपके नाम की दो चिट्ठियाँ आई थीं, बाहर मुल्क की. हमने लिख दिया, यहाँ नहीं रहते, और लौटा दीं.” कोणता देश? त्याला आठवेना. तिकिटावर कोणतातरी पक्षी होता, एवढंच.

गुणाकर पानावरून तसेच उठले. मुलीने दोनदा हात पुढे केला होता आणि दोन्ही वेळा तो रिकामा परत गेला होता. तिला काय वाटलं असेल हे उघड होतं: बाबांनीच पत्रं परत पाठवली. त्यांनी तिच्या मैत्रिणींना गाठलं, हैदराबादच्या क्लासला लिहिलं, पण कोणालाच काही माहीत नव्हतं. त्या साहेबाकडे नवा पत्ता ठेवून आले. पण दोनदा परत आलेलं पत्र तिसऱ्यांदा कोण टाकतं?

मग एक दिवस रचनाने त्यांना सर्च म्हणजे काय ते दाखवलं, आणि त्यांच्या मनाने एक गोष्ट धरली. माणूस कितीही रुसलेला असो, एखाद्या रिकाम्या दुपारी तो आपल्या गावाचं नाव टाइप करतोच. मधू करेल तेव्हा तिला सगळ्यात आधी आपलं दार दिसायला पाहिजे. दुसऱ्या पानापर्यंत जायचा धीर कोणाला असतो? मुलीचं नाव मात्र साइटवर टाकायला ते तयार नव्हते. चव्हाट्यावर नाव कशाला, असं म्हणायचे. माफीचा शब्द तर लांबच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

दुपारी जेवण झालं की ते खुर्चीत डोळे मिटायचे आणि तो क्षण बघायचे. कुठलीतरी परकी खिडकी, बाहेर बर्फ की ऊन हे त्यांना कधी ठरवता यायचं नाही, आणि मधूची लांब बोटं एकेक अक्षर दाबतायत. गावाच्या नावाच्या मध्यापर्यंत ती यायची. शेवटच्या अक्षरापर्यंत काही ते जागे राहायचे नाहीत; मान छातीवर पडायची आणि खिडकी, बोटं, अक्षरं सगळं विरघळून जायचं. त्यांना ती झोप फार आवडायची.

दोन हजार तीनची दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील. गुणाकरांनी शब्द टाइप केला, तर वर त्यांचं पान नव्हतं. पहिल्या पानावर नव्हतं, दुसऱ्यावर नव्हतं, ते अकराव्यापर्यंत गेले. दिल्लीच्या एका हॉटेलवाल्याचं नाव तीनदा आलं, ज्याने बालाघाट कधी पाहिलंही नसेल.

“साइट बंद झाली का गं?” त्यांनी रचनाला विचारलं.

तिने पत्ता टाकून पाहिला. साइट उघडली. बसगाड्या जागच्या जागी होत्या. “चालू आहे काकाजी. फक्त सर्च दाखवून नाई राह्यलं.”

घरी प्रमोदिनीबाईंनी विचारलं, “आज कितवे?”

“दिसलो नाही.”

त्यांनी वेचलेला खडा तांदळात परत पडला. तो शोधायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

गुणाकरांच्या मते अर्थातच जमीन चुकली होती. त्यांनी त्या सर्चवाल्या कंपनीला अर्ज लिहिला. महोदय, सविनय निवेदन असे की, अर्जदार दीड वर्षापासून प्रथम क्रमांकावर होता, तरी सदर क्रमांक कोणत्या आदेशान्वये काढून घेण्यात आला याचा खुलासा व्हावा. रचनाने हसू दाबत तो इंग्रजीत करून पाठवला. उत्तर आलं नाही. दुपारच्या झोपेतही आता खिडकी दिसेना. नुसती अकरा पानं एकामागून एक उलटत जायची.

पाचव्या दिवशी रचनाने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. तिशीची ही बाई बोलायला फटकळ. पण त्या दिवशी तिने लांबून सुरुवात केली.

“काकाजी, तुमचीच नाई, दुनियाभरच्या साइटी पडल्या. सर्चनं आपला कायदा बदलवला. पहिले ते पाहे, पानावर शब्द किती वेळा आला. तं लोकायनं लबाडी केली. एकच शब्द हजारदा लिहून ठेवला, पांढऱ्यावर पांढरा. माणसाले दिसत नाई, मशीनले दिसते. आता मशीन तसं पान पकडते अन् मागं फेकून देते.”

“मंग मले काहून फेकलं? मी का लबाड आहो?”

रचनाने त्यांचं पान उघडलं आणि तळाशी नेलं. सूचनेच्या खाली बरीच मोकळी जागा होती, तिकडे गुणाकरांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिने माउस दाबून धरला आणि वरून खाली ओढला. पांढरी जागा निळी होत गेली आणि निळ्यात अक्षरं उमटत गेली. बालाघाट बालाघाट बालाघाट. पान सरकत राहिलं, नाव संपेना. कोणी बोलत नसताना आपलंच नाव चारी बाजूंनी ऐकू यावं, तसं गुणाकरांना झालं.

“हे कोणी लिहिलं?”

“काकूनं. तुम्ही दुपारी झोपता तवा येतात, रोज. पांढरं मीच करून देल्लं होतं. मले वाटे, तुम्हाले माहीत आहे.”

घरी येईपर्यंत ते रागाची जुळवाजुळव करत होते. पण ओसरीवर पोचले तेव्हा ती अर्धीच झाली होती. प्रमोदिनीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मागे फळीवर लाल शाईने भरलेल्या वह्या होत्या. वर्षभर त्या वहीत रामनाम लिहायच्या, एका खाली एक, आणि रामनवमीनंतर भरलेल्या वह्या वैनगंगेत सोडून यायच्या. त्यांच्या माहेरी आई लिहायची, आजी लिहायची.

“तुम्हीच तं म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या, “ज्याच्या पानावर नाव जास्त, त्याले सर्च वर ठेवते. मंग हा जपच झाला ना.”

“पण पांढरा काहून केला?”

“जप का लोकायले दाखवायचा असते?”

गुणाकर म्हणाले, “एकदा लिहून त्याच्या कॉप्या काढता येतात. रचनानं सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. जप कॉपी करतात का?” त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. “चौऱ्याऐंशी हजार झाला. लाख होऊ देला असता तं आली असती माझी पोरगी.”

त्या रडल्या नाहीत, पण गुणाकरांना ते जास्त लागलं. आपण खुर्चीत बसून मुलीची बोटं बघत होतो, आणि त्याच वेळी ही उन्हातून चालत जाऊन खरीखुरी अक्षरं दाबत होती.

“तो पुसावा लागते,” ते हळू म्हणाले.

“जप पुसत नाहीत. त्याचं विसर्जन करतात.”

तेव्हा रचनाने पांढरी अक्षरं काळी केली, बारीक केली आणि प्रिंटरला लावली. ऐंशीच्या वर कागद निघाले. मग तिने साइटवरून तो मजकूर काढून टाकला आणि डिसेंबरच्या एका सकाळी दोघं नवराबायको ते कागद घेऊन वैनगंगेवर गेली.

नदीवर इतकं धुकं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. पाणी होतं तेवढंही खरं वाटत नव्हतं. दोघांनी कागद वाटून घेतले. एकेक कागद पाण्यावर टेकायचा, थोडा वेळ विचार केल्यासारखा थांबायचा आणि निघायचा. शाई सुटून अक्षरांना शेपट्या फुटायच्या. चौऱ्याऐंशी हजार बालाघाट एकामागून एक धुक्यात शिरत होते, आणि गुणाकरांना वाटलं की आपलं गावच असं रांगेने वाहत चाललंय, कॉलनी, कचेरी, बसस्टँड, सगळं, आणि आपण काठावर उरलोय.

“ज्याचा जप करावा तोच पावते,” प्रमोदिनीबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. “आपण गावाचा केला. गाव पावलं, दीड वर्ष पहिल्या नंबरले ठेवलं. मले गाव पाहिजे होतं का? मले मधू पाहिजे.” मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “त्या पानावर मधूसाठी काय लिहिलं जी तुम्ही? बिरसाच्या बसचा टाइम. ती का बिरसाले जाणार आहे?”

गुणाकरांनी शेवटचा कागद सोडला. दूर स्टेशनातून छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने शिटी दिली, बारीक, लहान पोराने द्यावी तशी. ती धुक्यातून त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांना डुलकीपूर आठवलं.

मधू चार-पाच वर्षांची असताना ते तिला गोंदियाच्या आजोळाहून छोट्या लाइनीने आणायचे. गाडी झोके देत चालायची आणि मधू दर स्टेशनाला विचारायची, बालाघाट आलं का? ते म्हणायचे, “हट्टा रोड गेलं की डुलकीपूर, अन् डुलकीपूरनंतर बालाघाट.” हट्टा रोड गेलं की ती हटकून झोपायची. बालाघाटला जाग आली की चिडायची, डुलकीपूर पुन्हा हुकलं. मग खांद्यावर बसून विचारायची, कसं होतं? आणि गुणाकर घरापर्यंत सांगत यायचे. तिथला स्टेशन मास्तर काखेत उशी धरून हिरवा झेंडा दाखवतो. चहावाला कुजबुजत चहा विकतो. फलाटावरच्या घड्याळाला काटे नाहीत, कारण त्यांच्या आवाजाने लोक उठतात. एकदा तिने हट्ट धरला म्हणून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर त्या स्टेशनाचा नकाशाही काढून दिला होता, पक्क्या मापाने. नोकरीत एक खोटी रेघ न मारणाऱ्या माणसाने जगात नसलेलं अख्खं स्टेशन काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दहा वाजता दुकानात गेले, पण बालाघाट टाइप केलं नाही. नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, डुलकीपूर.

मास्तर लिहिला, उशी लिहिली, चहावाला, घड्याळ, सगळं लिहिलं. गाडी येण्याची वेळ: डोळे मिटल्यावर. गाडी सुटण्याची वेळ: बाबा उठवतील तेव्हा. रचना मागे उभी राहून वाचत होती.

“काकाजी, असं स्टेशन नाई आहे ना?”

“नाही.”

“मंग हे लबाडी नाई का?”

“जिले माहीत आहे, तिच्यासाठी खरं आहे.”

एवढं एका बैठकीत झालं. शेवटच्या चार ओळींना मात्र तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते टाइप करून पुसून आले, दुसऱ्या दिवशी नुसते बसून आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लिहिलं: ‘डुलकीपूरनंतर बालाघाट. तिथे आता घर भटेरा रोडला आहे, पत्ता खाली. पत्रं आम्ही परत केली नाहीत, ती आमच्या हाती आलीच नाहीत. पत्ता विसर म्हणणारा माणूस चुकला. रेघ चुकली होती, जमीन नाही.’ मग ते रचनाला म्हणाले, चढव, आणि चहा न पिता निघून आले.

पुढे बालाघाटच्या यादीत त्यांचं पान दिसू लागलं, पण फार खाली. प्रमोदिनीबाई विचारायच्या, “आज कितवे?”

“बालाघाटात बेचाळिसावे.”

“अन् डुलकीपुरात?”

“तिथं आपण एकटेच.”

हे अगदी खरं होतं. सर्चमध्ये तो शब्द टाकला की सगळ्या जगातून एकच ओळ यायची. पण तो शब्द टाकणार कोण? मधूला आठवत असेल का? आठवला तरी, नसलेल्या गावाचा शोध कोण घेतं? दुपारी डोळे मिटले की आता ते गाडीत असायचे. समोरच्या बाकावर मधू झोपलेली, बाहेर काटे नसलेलं घड्याळ, आणि गाडी काही केल्या सुटत नाही. एक वर्ष गेलं, वर आणखी दोन महिने. प्रमोदिनीबाईंचं वहीतलं रामनाम चालूच होतं. पण प्रत्येक पानावर शेवटच्या ओळीत एक नाव वेगळं असायचं. गुणाकरांनी ते पाहिलं होतं.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत एका सकाळी ते दुकानात शिरले, तर रचनाने त्यांचा कम्प्युटर आधीच चालू करून ठेवला होता. खुर्ची ओढून दिली आणि ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

साइटवर निरोप लिहायची एक चौकट होती. तिच्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं.

‘बाबा, माझी ओवी तीन वर्षांची झाली. काल गाडीत सारखी विचारे, पुढचं स्टेशन कोणतं. माझ्या तोंडून निघून गेलं, डुलकीपूर. ती झोपली. घरी येऊन मी सहज टाइप करून पाहिलं, अन् मास्तर उशी घेऊन उभा. मागे एकदा बालाघाट टाइप केलं होतं. सगळ्यात वर बसचे टाइम आले, ते पाहून बंद केलं. खालपर्यंत गेलीच नाही. पत्ता लिहून घेतला आहे. आईले सांगा. मधू.’

गुणाकरांनी ते तीनदा वाचलं. पहिल्या नंबरावर असताना ती आली होती. दारापर्यंत येऊन, बसगाड्या बघून परत गेली होती, आणि त्या दिवशीही ते समाधानाने मान हलवून घरी गेले असतील. त्यांनी रुमाल काढला आणि दुकानात चारचौघांसमोर डोळे पुसले. रचनाने न विचारता कागद छापून दिला.

ते कागद खिशात घालून चालत निघाले. बसस्टँडवर कोणीतरी खैरलांजीची गाडी विचारली, त्यांना वेळ सांगता आली नाही. सगळ्या रस्त्यावर ऊन पसरलं होतं आणि ते पाय टाकत होते ते जणू गाडीच्या झोक्यावर.

ओसरीत प्रमोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “आज कितवे?”

गुणाकरांनी कागद काढून सुपात, तांदळावर ठेवला.

“सापडलो,” ते म्हणाले.